आधी पोटोबा, मग भत्ता!

'आधी पोटोबा, मग विठोबा' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. आठव्या सेमिस्टरच्या इंटर्नशिपमध्ये मी ती उलटी करून पाहिली. आधी भत्ता, मग पोटोबा! आणि ती चांगलीच अंगाशी आली.

झाले असे, की मे महिन्यात मला पॅनल टेस्टिंगसाठी चंद्रपूरजवळच्या एका साइटवर पाठवले. खाण्यापिण्याचा भत्ता रोज ४०० रुपये, उरेल तो आपला. घरचा कापूस त्या वर्षी गेला होता, त्यामुळे परीक्षेच्या फॉर्मची फी यातूनच काढायची असे मी ठरवले. नाश्ता बंद, दुपारी एक समोसा, रात्री बिस्किटे. दुसऱ्या दिवशी दुपारी ४१५ व्होल्टच्या चालू पॅनलसमोर उभा असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. फोरमन मामांनी मागून शर्ट धरून ओढले म्हणून हा लेख लिहायला मी आहे! शुद्धीवर आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "काऊन बे पोट्ट्या, सकाळपासून काही खाल्लं नाही काय?"

दोन दिवसांत वाचवले होते ५०० रुपये. डॉक्टर आणि सलाइनचे झाले ११००.

रात्री लॉजवर हिशोब मांडला. एकूण खर्च ३०० रुपये. त्यात पोट भरणाऱ्या वस्तूंवर फक्त ९०. बाकी २१० चहा, कोल्ड्रिंक आणि पाण्याच्या बाटल्यांवर! इलेक्ट्रिकलच्या भाषेत सांगायचे तर मी लोड तोडला होता आणि लिकेज तसेच चालू ठेवले होते. बचत करायची तर नेमके उलटे करायला हवे. कसे, ते सांगतो.

डबा. ज्यात पाणी जास्त ते लवकर आंबते. म्हणून रसभाजी, भात नेला तर तो दुपारपर्यंत संपवा. दुधात भिजवलेल्या दशम्या, धपाटे त्यानंतर. शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाणे, भडंग हा कोरडा माल शेवटपर्यंत टिकतो. आईला आधी सांगितले तर ती बरोबर क्रमाने बांधून देते!

पाणी. दोन लिटरची बाटली जवळ ठेवा आणि साइटवरच्या फिल्टरवर भरा. हॉटेलात 'बिसलरी की साधं?' असे विचारले की लाजू नका, साधे मागा. रेल्वेची एक लिटरची रेल नीर सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना झाली. त्यामुळे गाडीत कोणी २० मागितले तर छापील किंमत दाखवा. मात्र बसून खायच्या हॉटेलात छापील किमतीपेक्षा जास्त घेता येते, असा निकाल सुप्रीम कोर्टाने २०१७ साली दिला आहे. तिथे बाटली फोडण्याआधी दर विचारा. उन्हात काम असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. कोल्ड्रिंकपेक्षा स्वस्त आणि कितीतरी कामाचे.

जेवण. लॉजमधल्या हॉटेलात जेवू नका. गेटवरच्या वॉचमनला विचारा, "काका, तुम्ही कुठे जेवता?" तो सांगेल ती खानावळ स्वस्त असतेच, आणि तिथे गर्दी असल्याने अन्नही ताजे असते. कंपनीचे कँटीन असेल तर पहिल्याच दिवशी कूपनची चौकशी करा. दुपारचे जेवण पोटभर घ्या, रात्री थोडे हलके चालते. प्रवासात गाडी मोठ्या स्टेशनवर थांबली, तर जनरल डब्यांसमोर रेल्वेचा स्टॉल आहे का पाहा. २०२३ पासून बऱ्याच स्टेशनांवर २० रुपयांत पुरी-भाजी मिळू लागली.

बिल. कधी साहेबांबरोबर मोठ्या हॉटेलात जायची वेळ येते. तिथे बिल वाचा. सर्व्हिस चार्ज सक्तीने लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ती कायम ठेवली. नम्रपणे सांगितले की काढून देतात. आणि हो, ज्या कंपनीत बिले द्यावी लागतात तिथे खोटी बिले जोडू नका. ती बचत नव्हे, चोरी आहे.

पुढच्या महिन्यात त्याच साइटवर चार दिवस होतो. तीन वेळा खाल्ले, चहा दिवसातून दोनच. रोजचा खर्च २२० रुपये. चार दिवसांत ७२० उरले आणि फॉर्मची निम्मी फी निघाली. उरलेली निम्मी बाबांकडे मागितली, त्यांनी एका शब्दानेही विचारले नाही.

निघताना मामांनी डब्यात डोकावून पाहिले आणि म्हणाले, "आता जमलं बे तुले!"