पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरची लढाई

दशलक्षण पर्वाच्या आदल्या रात्रीची गोष्ट. आमचा तेरा वर्षांचा नातू मोबाईल घेऊन माझ्या खोलीत आला. दहा दिवस तो बंदुकांचा खेळ बंद, असे सूनबाईंनी फर्मान काढले होते आणि त्यावरचे अपील माझ्याकडे आले होते.

"आजोबा, त्यात खरं कोण मरतं? आणि समोरचा मला मारायला येतो म्हणून मी त्याला मारतो. पाठशाळेत शिकवलंय, ही विरोधी हिंसा. गृहस्थाला ती पूर्ण सुटत नाही."

पाठशाळेतील शिक्षण असे कारणी लागेल याची मला कल्पना नव्हती. मी विचारले, "त्या बेटावर तू पोहोचलास कसा?"

"विमानातून उडी मारून."

"उडी मारायला कोणी सांगितलं होतं?"

तो हसला, पण हटला नाही. नमुना हातात चुरडून पाहिल्याखेरीज हळदीचा भाव बोलायचा नाही, ही आमच्या पेढीची जुनी रीत. तेव्हा निकाल देण्यापूर्वी मीच खेळून पाहायचे ठरवले.

बीजीएमआय नावाचा हा खेळ आपल्याकडे २०२१ पासून आहे. शंभरापर्यंत खेळाडू छत्रीने बेटावर उतरतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. पाऊण तास मी नुसता मरत होतो. मग एका भिंतीआडून कोणी बाहेर आला, मी अंगठा दाबला, पडद्याच्या मध्यभागी खूण चमकली, आवाज झाला आणि तो खाली पडला. मला आनंद झाला. लिहिताना संकोच वाटतो, पण झाला, आणि तो साधासुधा नव्हता. सौदा मनासारखा तुटल्यावर छातीत जे होते, ते झाले.

नातवाने नंतर खुलासा केला. नेम धरण्यास साहाय्य करणारी सोय चालू होती. निशाण आपोआप लक्ष्याकडे झुकत होते. शिवाय मी पाडलेला तो बहुधा माणूसही नसावा. नवख्यांच्या डावात संगणकच चालवतो अशी पात्रे बरीच असतात. म्हणजे विजय मला जवळजवळ दानात मिळाला होता. तरीही आनंदात काही उणे नव्हते.

याचे नवल वाटून मी पुढचे काही दिवस या विषयाचे वाचन केले. ही सहजता आपोआप येत नाही, ती मोठ्या मेहनतीने घडवली जाते. ठोसा बसला की दोन्ही पात्रे सेकंदाच्या काही साठांशांपुरती गोठतात. डोळ्याला ते कळत नाही, पण हाताला ठोशाचे वजन जाणवते. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू' या जपानी खेळात ही युक्ती दिसते. त्याच खेळात एकामागून एक ठोसे जोडण्याची जी पद्धत पुढे जगभर रूढ झाली, तिचा उगम रचनेतील एका अनपेक्षित त्रुटीत होता. निर्मात्यांनी ती राहू दिली. लंडनच्या रॉकस्टेडी कंपनीने २००९ मध्ये काढलेल्या बॅटमनच्या खेळात शत्रू हल्ला करणार असे दिसताच त्याच्या डोक्यावर खूण उमटते. वेळेवर एक बटण दाबले की नायक गर्रकन वळून वार परतवतो. दहाजण घेरून उभे असताना खेळणाऱ्याला आपण निष्णात योद्धा आहोत असे वाटते, आणि हाताला कष्ट असतात दोन बटणांचे. २००७ च्या 'बायोशॉक'मध्ये शत्रूची पहिली गोळी मुद्दामच चुकवलेली असते. काही खेळांत प्राणशक्तीच्या पट्टीचा शेवटचा तुकडा दिसतो त्याहून अधिक काळ पुरतो, म्हणजे आपण थोडक्यात वाचलो असे वाटावे. व्यापारी माणसाला यातली खुबी लगेच उमगेल. गिऱ्हाईक जिंकून दुकानाबाहेर पडते, आणि वजन कोठे झुकवले ते त्याला दिसत नाही.

रक्ताविषयी मात्र बराच गाजावाजा झाला आहे. १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' घरगुती यंत्रांवर आला, तेव्हा निन्टेन्डोने रक्ताच्या जागी करडा घाम दाखवला. सेगाने एका सांकेतिक कळीमागे रक्त ठेवले आणि तिचाच खप अधिक झाला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात निन्टेन्डोनेही रक्त राहू दिले. आपल्या बीजीएमआयमध्ये रक्त हिरवे आहे, आणि 'मारले' या अर्थाच्या शब्दाऐवजी 'संपवले' असा शब्द येतो. माझ्या मते ही रंगसफेदी आहे. मला जो आनंद झाला, त्यात रक्ताच्या रंगाचा काही भाग नव्हता.

अशा खेळांनी मुले हिंसक होतात का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ब्रिटनमधील हजारभर किशोरांची पाहणी केली, तीत असा संबंध आढळला नाही. आक्रमकतेशी थोडा संबंध दाखवणारे अभ्यासही आहेत. आमचा नातू मुंगीला वाट देऊन चालतो, तेव्हा मला ती धास्ती नाही.

माझी अडचण निराळी आहे. राजा यशोधराची कथा आपल्या घरांत सर्वांनी ऐकलेली असते; सोमदेवसूरींनी इ.स. ९५९ मध्ये 'यशस्तिलक चम्पू'त ती विस्ताराने सांगितली. दुःस्वप्नाच्या शांतीसाठी आई पशुबळी मागते, राजा नकार देतो आणि अखेर पिठाचा कोंबडा करून तो कापण्यावर तडजोड होते. जीव कोणाचाच गेला नाही. तरी त्या संकल्पापायी मायलेक तिर्यंच योनींत भटकत राहिले. नातू पुढच्या जन्मी मोर होईल असे मी म्हणणार नाही; राजाच्या मनात बळीचा संकल्प होता, याच्या मनात जिंकण्याचा आहे. पण माझे मी पाहिले. अंगठा दाबताना माझ्या मनात द्वेष नव्हता आणि करुणाही नव्हती. समोर कोणी आहे हेच मी विसरलो होतो. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या प्राणघाताच्या आधी प्रमादाचे नाव घेते, याचा अर्थ मला त्या रात्री थोडा अधिक कळला.

वाचनात एक वेगळा खेळही आढळला. अमेरिकेतील टोबी फॉक्स यांच्या २०१५ च्या 'अंडरटेल'मध्ये प्रत्येक शत्रूला सोडून देता येते. इतर खेळांत जी अक्षरे 'अनुभव' म्हणून मिळतात, ती येथे वधाचे गुण होती हे अखेरीस कळते. आपण जपून साठवलेली शिल्लक प्रत्यक्षात देणे निघते. दया करणाऱ्याची शक्ती मात्र वाढत नाही. त्याने प्रतिकार न करता वार चुकवत राहायचे, आणि हा मार्ग खेळायला अधिक अवघड आहे.

निकाल मी त्याच रात्री दिला होता. दहा दिवस त्याचा खेळ बंद, आणि मोबाईलवर बाजारभाव पाहणे माझे बंद. दोन्ही मोबाईल देवघराशेजारच्या कपाटात गेले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत माझा हात चार वेळा खिशाकडे गेला. त्याचा किती वेळा गेला, ते मी विचारले नाही.

क्षमावाणीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पुन्हा खेळायला बसला आणि दोन मिनिटांत बाद झाला. त्याने मोबाईल माझ्यापुढे धरला. "आजोबा, तुमचा हात आता बसलाय. एक डाव खेळता?"

चष्मा शोधायचे निमित्त करून मी उठलो. तो माझ्या नाकावरच होता.