आतड्याच्या कॅन्सरची चाळीस वर्षं: दोष जनुकात की जनुकावर?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद. या सीमाभागात शौचावाटे रक्त पडू लागलं की बहुतेक घरांत आधी मूळव्याधीवरचे उपाय होतात. त्यात महिने जातात. मग कोणी कलबुर्गीच्या किदवाई केंद्रात जातो, कोणी सोलापूर, बार्शी किंवा हैदराबाद गाठतो.

बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. आतड्याचा कॅन्सर नेमका होतो कसा, याचा उलगडाही त्याच दशकात होऊ लागला होता.

१९८३ मध्ये अमेरिकेत अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी एकाच रुग्णाची गाठ आणि शेजारचं निरोगी आतडं ताडून पाहिलं. गाठीतल्या डीएनएवरचे मिथाइल गट, म्हणजे त्याला चिकटलेल्या छोट्या रासायनिक खुणा, कमी झालेले दिसले. १९९० मध्ये एरिक फिअरन आणि व्होगेलस्टाइन यांनी या आजाराच्या पायऱ्या मांडल्या: आधी छोटा पॉलिप, मग मोठा, मग कॅन्सर. वर्षानुवर्षं एकेक म्युटेशन साचत जातं. यातलं सुरुवातीचं एपीसी जनुक १९९१ मध्ये हाती लागलं. केरास आणि टीपी५३ ही पुढच्या टप्प्यांवरची.

खरी कलाटणी मिळाली ती एमएलएच१ या जनुकामुळे. पेशी दुप्पट होताना डीएनएची नक्कल चुकते, ती चूक दुरुस्त करणाऱ्यांपैकी हे एक. १९९४ मध्ये कळलं, की त्यातला बिघाड आईवडिलांकडून मुलांत उतरू शकतो. हाच लिंच सिंड्रोम. मात्र १९९७-९८ च्या संशोधनात असेही रुग्ण आढळले, ज्यांचं हे जनुक शाबूत होतं, पण त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट दाटल्यानं ते मुकं झालं होतं.

गाठ दोन्हींत सारखीच दिसते, पण कुटुंबाच्या दृष्टीनं फरक मोठा आहे. मिथाइल गट असे दाटलेले असतील (मिथिलेशन), तर आजार सहसा त्या रुग्णापुरताच राहतो. म्युटेशन आनुवंशिक असेल तर भावंडांची आणि मुलांची जनुकतपासणी हवी. ज्यांच्यात ते सापडेल त्यांची साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी व्हायला हवी.

भारतात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी, पण रुग्ण अनेकदा तरुण असतात. म्हणून बायोप्सीचा मेणातला ठोकळा घरच्यांनी जपून ठेवावा आणि दुरुस्तीच्या चार प्रथिनांची तपासणी झाली का, हे डॉक्टरांना जरूर विचारावं. दुरुस्तीतला हा दोष असलेल्या, पसरलेल्या कॅन्सरवर पेम्ब्रोलिझुमॅब हे औषध अमेरिकेत २०२० पासून पहिल्या टप्प्यातच मान्य आहे.