ओमनीची सीट तापतेय? आधी सीटखालचं रबर बघा

देऊळघाट (ता. बुलढाणा) : उन्हाळ्यात जुन्या मारुती ओमनीत पुढं बसलं की खाली चूल पेटवल्यासारखं वाटतं. कारण या गाडीचं ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं. कंपनीने २०१९ मध्ये ओमनी बंद केली, त्यामुळे आता रस्त्यावर दिसते ती जुनीच. इंजिनच्या झाकणाचं रबर कडक होऊन फाटलं की सगळी धग आत येते. पंखा लावून ती थांबत नाही. रबर बदला, तारांसाठी पाडलेली भोकं बुजवा, झाकणाला उष्णतारोधक शीट लावून घ्या. गोणपाट मात्र नको, पेट घेतं.

सायलेन्सरचा जोड फटफटत असेल तर तो सगळ्यात आधी दुरुस्त करा. तिथून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. मागे झोपलेल्या पोरांना कळणारही नाही.