ईगल बेटावरचा पहारा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मेयो नावाचा परगणा आहे आणि त्याच्या वायव्य कोपऱ्यातून मलेट हे चिंचोळे द्वीपकल्प अटलांटिक महासागरात शिरलेले आहे. या द्वीपकल्पाच्या किनाऱ्यापासून फार दूर नव्हे, परंतु मधल्या पाण्याच्या लहरी स्वभावामुळे हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे दुर्गम होऊन बसणारा, उंच कड्यांचा एक ओसाड खडक समुद्रात उभा आहे. त्याला ईगल आयलंड असे म्हणतात. त्याच्या पश्चिमेस थेट अमेरिका खंडापर्यंत भूमीचा ठिपकाही नसल्यामुळे, हजारो मैल निर्वेध धावत आलेली लाट जेथे प्रथम फुटते त्या मोजक्या जागांपैकी ही एक होय. अशा ठिकाणी 1835 पासून 1988 पर्यंत, म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे, माणसे वस्ती करून राहिली, आणि तीही केवळ एवढ्यासाठी की, सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तेथील दिवा क्षणभरही विझू नये.

आयर्लंडच्या किनाऱ्यावरील दीपगृहांचा कारभार 1810 साली डब्लिन बंदराची व्यवस्था पाहणाऱ्या मंडळाकडे आला, आणि 1867 च्या कायद्यान्वये तो स्वतंत्र होऊन ‘कमिशनर्स ऑफ आयरिश लाइट्स’ या संस्थेच्या हाती गेला. पुढे 1921 साली देशाची फाळणी झाली, तरी समुद्राची वाटणी कोणी केली नाही. उत्तरेचे आणि दक्षिणेचे सारे दिवे आजही ही एकच संस्था सांभाळते, आणि तिचा खर्च मुख्यतः बंदरात येणाऱ्या जहाजांकडून वसूल होणाऱ्या दीपपट्टीतून चालतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या खात्याचे निरीक्षक असलेल्या जॉर्ज हॅल्पिन या स्थापत्यविशारदाने अनेक दुर्गम खडकांवर दीपगृहे उभारली. ईगल आयलंडवरील बांधकामही त्याचेच. तेथे एक नव्हे तर दोन मनोरे बांधले गेले. जमिनीच्या चढउतारामुळे पूर्वेकडील मनोरा उंच आणि पश्चिमेकडील ठेंगणा करावा लागला, तरी दोहोंचे दिवे समुद्रसपाटीपासून सारख्याच, म्हणजे सुमारे 220 फूट, उंचीवर येतील अशी योजना होती. हे दोन दिवे एका रेषेत दिसू लागले की, ब्लॅकरॉक आणि ब्रॉडहेवन यांच्या दरम्यानच्या घातकी खडकांपासून आपण सुरक्षित अंतरावर आहोत, हे नावाड्याला अंधारात कळत असे. 1835 च्या 29 सप्टेंबर रोजी दोन्ही दिवे प्रथम प्रज्वलित झाले.

पुढच्याच जानेवारीत वादळाने भिरकावलेला एक दगड पश्चिमेच्या मनोऱ्याची काच फोडून आत आला आणि बारा दिवे विझले. रक्षकांनी तासाभरात सर्व पूर्ववत केले. परंतु या बेटावर समुद्र काय करू शकतो, याची खरी कल्पना यावयास 1861 चा मार्च महिना उजाडावा लागला. त्या महिन्याच्या 11 तारखेस, भर मध्यान्ही, एक लाट 133 फूट उंचीचा कडा चढून आली आणि त्यावरील 87 फुटांच्या पूर्व मनोऱ्याच्या अगदी माथ्यावर, दिव्याच्या खोलीवर, आदळली. तेवीस तावदाने फुटली; काही दिवे जिन्यावरून खाली वाहत गेले; प्रकाश परावर्तित करणारे आरसे दुरुस्तीपलीकडे मोडले. मनोऱ्यात पाणी इतके कोंडले की, त्याच्या दाबामुळे खालचा दरवाजा उघडेना, आणि अखेरीस दाराला भोके पाडून रक्षकांनी ते बाहेर सोडले. समुद्रापासून शंभराहून अधिक फूट उंचीवर राहणाऱ्या माणसांनी मनोऱ्याच्या दाराला आतले पाणी सोडण्यासाठी छिद्रे पाडावीत, यावरून त्या जागेचे रौद्र स्वरूप ध्यानी यावे.

आणि ही माणसे एकटी नव्हती. त्या काळच्या शिरस्त्याप्रमाणे दीपरक्षक आपल्या बायकामुलांसह बेटावर राहत असत. मनोऱ्यांच्या पायथ्याशी त्यांची दगडी घरे होती, आणि त्या घरांना आडोसा म्हणून समुद्राच्या अंगास प्रचंड जाडीची एक भिंत उभारलेली होती. ज्या जागी एक झाडही तग धरू शकत नाही, तेथे मुलांनी वाढावे, स्त्रियांनी बाळंत व्हावे, आजाऱ्याने वैद्याची वाट पाहावी, ही व्यवस्था सरकारी कागदावर कितीही सोयीची भासली तरी माणसांच्या पदरात तिने काय घातले याचा पुरावा दक्षिणेकडील केरी परगण्याच्या समुद्रात सापडतो. स्केलिग मायकेल या उत्तुंग खडकावर, प्राचीन ख्रिस्ती तपस्व्यांनी रचलेल्या दगडी कुट्यांच्या शेजारी, एका दीपरक्षकाच्या दोन चिमुकल्या मुलांची स्मृतिशिला आहे; 1860 नंतरच्या दशकाच्या अखेरीस, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने, ती दोन्ही भावंडे दगावली. तपस्वी स्वेच्छेने तेथे गेले होते. मुलांना कोणी विचारले नव्हते.

ईगल आयलंडवरील कुटुंबांची वस्ती उठली ती मात्र धोरणापेक्षा वादळामुळे. 1894 च्या 29 डिसेंबर रोजी आलेल्या तुफानाने पूर्वेकडील मनोऱ्याजवळची घरे पुन्हा राहण्याजोगी ठेवली नाहीत. दुसऱ्या वर्षी पूर्वेचा दिवा कायमचा बंद करण्यात आला, पश्चिमेच्या मनोऱ्यात अधिक सामर्थ्यवान भिंगे बसवण्यात आली, आणि बायकामुलांची व्यवस्था मुख्य भूमीवर झाली. इतर खडकांवरही त्या सुमारास हेच घडत गेले. हा निर्णय निःसंशय दयेचा होता, आणि त्याबद्दल खेद करणे अन्यायाचे होईल. तथापि त्याच दिवसापासून दीपरक्षकाचे आयुष्य दुभंगले, हेही तितकेच खरे. आता त्याचे एक घर किनाऱ्यावर होते, जेथे तो पाहुण्यासारखा येई, आणि दुसरे समुद्रात, जेथे दोन परक्या पुरुषांच्या सहवासात, तिघांनी मिळून, एकमेकांच्या सवयी सोशीत त्याला दिवस काढावे लागत.

त्या तिघांत एक मुख्य रक्षक आणि दोघे साहाय्यक असत. रात्रीचे चार-चार तासांचे पहारे ठरलेले. ज्याचा पहारा त्याने दिव्यापासून हलावयाचे नाही, असा सक्त नियम. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयर्लंडच्या बहुतेक मोठ्या दीपगृहांत जो दिवा होता, त्याची रचना आपल्याकडे एकेकाळी लग्नमांडवात मिरवणाऱ्या पेट्रोमॅक्स बत्तीसारखीच होती: हवेचा दाब देऊन रॉकेल वर चढवायचे, स्पिरिटच्या ज्योतीने नळी तापवून त्याची वाफ करायची आणि ती वाफ जाळीच्या मँटलमध्ये पेटवायची. मँटल हलक्या हाताने बसवावे लागे, नाहीतर राखेसारखे भुगा होई. दाब कमी पडला तर ज्योत मंदावे आणि नळी नीट तापली नसली तर भडका उडून काजळी साऱ्या भिंगांवर बसे. त्या ज्योतीभोवती माणसाहून उंच अशा लोलकांचा पिंजरा फिरत असे. त्याचे वजन टनांत मोजावे लागे, परंतु तो पाऱ्याच्या कुंडावर तरंगत ठेवलेला असल्यामुळे बोटाने ढकलला तरी सरके. त्याला फिरवणारे यंत्र घड्याळाप्रमाणे वजनावर चालणारे. मनोऱ्याच्या पोकळीत खाली उतरत जाणारे ते वजन ठराविक वेळाने हाताने गुंडाळून वर घ्यावे लागे. ते राहून गेले तर दिव्याची लय बिघडणार, आणि दिव्याची लय हीच त्याची ओळख. कारण कोणता दिवा किती वेळाने किती वेळा चमकतो यावरूनच नावाडी आपण कोठे आहोत हे ठरवतो. ईगल आयलंडची खूण लागोपाठ तीन चमकांची. उजाडताच दिवा मालवून भिंगांभोवती पडदे ओढावे लागत, कारण सूर्याचे किरण त्यांतून उलट दिशेने एकवटले तर आग लागण्याचे भय असे. मग पितळ घासणे, काचा पुसणे, रोजनामा लिहिणे, आणि आळीपाळीने स्वयंपाक.

रसद आणि बदलीची माणसे होडीतून येत. खडकाला धक्का नाही. वरखाली होणारी होडी लाटेच्या माथ्यावर आली की, नेमक्या क्षणी दोर पकडून पायरीवर उडी घ्यावयाची, अथवा यारीच्या दोराला लटकून वर जावयाचे. हवा बिघडली तर बदली लांबे, आणि ज्याच्या घरी मूल जन्मणार आहे किंवा वडील अत्यवस्थ आहेत तो माणूस दुर्बिणीतून आपला किनारा पाहत बसे. 1969 साली आयरिश लाइट्सने हेलिकॉप्टर वापरण्यास प्रारंभ केला आणि हा छळ बव्हंशी संपला. महिनाभर काम आणि महिनाभर घरी, असा हिशोब आता तारीखवार पाळता येऊ लागला. रेडिओ आला, वीज आली, पुढे दूरचित्रवाणीही आली. दीपरक्षकाची नोकरी इतकी सुसह्य पूर्वी कधीच नव्हती, आणि ती सुसह्य झाली नाही तोच तिची गरज संपत आली. जे तंत्र माणसाला खडकावर नेणे सोपे करीत होते, त्याच्याच भावंडांनी त्याला तेथे ठेवणे अनावश्यक करून टाकले. 1988 च्या मार्चअखेर ईगल आयलंड स्वयंचलित झाले; त्याआधीच्या वर्षी स्केलिग, पुढच्या वर्षी नैर्ऋत्येचा सुप्रसिद्ध फास्टनेट; आणि 1997 च्या मार्चमध्ये डब्लिनजवळच्या बेली येथील रक्षक निघून गेल्यावर आयर्लंडच्या किनाऱ्यावर एकही दीपरक्षक उरला नाही.

दिवा पेटता ठेवणे एवढेच या माणसांचे काम मानले, तर यंत्राने ते अधिक बिनचूक केले आहे आणि तक्रारीला जागा नाही. परंतु माझ्या मते खात्याच्या दप्तरात ज्या कामाला दुय्यम स्थान होते, तेच त्यांचे थोर काम होते: ते पाहत असत. दिवसरात्र, ऋतूमागून ऋतू, पाण्याच्या एकाच तुकड्याकडे पाहणारा माणूस भरकटलेली होडी ओळखतो, वाऱ्याचा रोख बदलताना जाणतो, क्षितिजावरचे धुके कोणत्या जातीचे आहे ते सांगतो. अशा पाहण्याची किंमत एकदा दिसून आली, आणि तीही याच मलेट द्वीपकल्पावर. त्याच्या दक्षिण टोकास ब्लॅकसॉड येथे दीपगृह आहे, आणि त्या काळी टपाल कचेरीही होती. तेथे टेड स्वीनी हा दीपरक्षक आणि टपाल कचेरीतील मॉरीन फ्लॅव्हिन ही तरुणी, जी पुढे त्याची पत्नी झाली, हवामानाच्या नोंदी घेत असत. आयर्लंड दुसऱ्या महायुद्धात तटस्थ होते, परंतु या नोंदी ब्रिटनला पोचत असत. 1944 च्या 3 जून रोजी वायुभारमापकाचा पारा झपाट्याने उतरत असल्याची नोंद मॉरीनने पाठवली. इंग्लंडहून दूरध्वनी आला, नोंद पुन्हा तपासावयास सांगितले गेले, ती पुन्हा तपासली आणि तीच निघाली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर 5 जूनला उतरण्याचा दोस्तराष्ट्रांचा बेत एक दिवस पुढे ढकलला गेला, त्यात या नोंदींचा मोठा वाटा होता. ज्या फौजांचे प्राण त्यामुळे वाचले, त्यांच्यापैकी क्वचितच कोणी ब्लॅकसॉडचे नाव ऐकले असेल.

आज ईगल आयलंडच्या दिव्यावर डब्लिनजवळच्या डून लेरी येथील कचेरीतून लक्ष ठेवले जाते, आणि यंत्राची देखभाल करणारी माणसे अधूनमधून तेथे जाऊन परत येतात. 2011 सालापासून आयर्लंडच्या दीपगृहांवरील धुक्याचे भोंगेही बंद झाले आहेत. मुख्य भूमीवरील काही दीपगृहांना रक्षक गेल्यानंतर नवे आयुष्य लाभले: वेक्सफर्ड परगण्यातील हूक येथील आठ शतकांचा जुना मनोरा आता लोक आत जाऊन पाहतात, तर कोठे रक्षकांच्या घरांत प्रवासी उतरतात. खडकांवरील घरांना मात्र हा मार्ग खुला नाही. ती कुलूपबंद आहेत आणि खारी हवा आपले काम करीत आहे. दगडाची डागडुजी उद्याही करता येईल. परंतु ज्यांनी हे पहारे प्रत्यक्ष केले ते शेवटचे रक्षक वृद्ध होत चालले आहेत, आणि रोजनाम्यात वारा, पाऊस, दिवा पेटवल्याची व मालवल्याची वेळ एवढेच लिहिण्याची त्यांना मुभा होती. भिंगांवर आदळणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांच्या रात्री, तिघांतले भांडण चौथ्या दिवशी कसे मिटे, नव्या उमेदवाराला लाटेचा अंदाज घ्यायला काय सांगून शिकवत, किनाऱ्यावरची पत्नी कोणत्या खुणेने घरचे क्षेम कळवी, हे त्यांच्याजवळ बसून, त्यांच्या तोंडून, आताच टिपून घेतले पाहिजे.