दोन वाजता म्हणजे नेमके केव्हा?

मुलगा-सून परदेशी असलेली घरे आपल्याला नवी नाहीत. परंतु साठीच्या उंबरठ्यावर स्वतःच बिऱ्हाड उचलून परमुलखी शिकवायला निघालेले एखादे दांपत्यही कदाचित आपल्या परिचयाचे असेल. आम्ही दोघे त्यांतलेच. २०१२ सालच्या ऑक्टोबरात आम्ही इथिओपियातील बाहिर दार या गावी एका विद्यापीठात रुजू झालो. यजमान पदार्थविज्ञानाचे, वय एकसष्ट, नुकतेच निवृत्त झालेले. मी इंग्रजीची, वय अठ्ठावन्न, स्वेच्छानिवृत्ती घेतलेली. त्यांना मधुमेह, मला रक्तदाब. साताऱ्याच्या घरी एक्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, त्यांची जबाबदारी धाकट्या जाऊबाईंवर. आपल्या घरातले कोणी अशा प्रवासाला निघत असेल, किंवा आपणच मागे राहणार असाल, तर पहिल्या पंधरवड्याची ही हकीकत आपल्या उपयोगी पडावी.

तयारी घरापासूनच सुरू होते. इथिओपिया हा पीतज्वराचा प्रदेश. तेथून परतताना लसीचा दाखला नसेल तर भारतात उतरल्यावर आपल्याला विलग ठेवले जाऊ शकते. ही लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, तीही शासनमान्य केंद्रातच घ्यावी लागते. मात्र ती जिवंत जंतूंची लस आहे आणि साठीनंतर प्रथमच घेणाऱ्यांना तिच्या गंभीर दुष्परिणामांचा धोका काहीसा अधिक असतो. म्हणूनच केंद्रातील डॉक्टरांनी यजमानांची अर्धा तास उलटतपासणी घेतली. अंड्याची ॲलर्जी आहे का, प्रतिकारशक्ती कमी करणारे औषध चालू आहे का, कधी काळी थायमस ग्रंथीचा विकार झाला होता का, असे सारे प्रश्न. यजमान वैतागले, पण डॉक्टरांचेच बरोबर होते. आपल्या घरातील ज्येष्ठांना ‘सगळे घेतात म्हणून’ ही सुई टोचून आणू नये.

औषधांची पिशवी आम्ही सामानात न टाकता हातात ठेवली. तीन महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. चिठ्ठीवर कंपनीने ठेवलेले नाव नव्हे, तर औषधाचे मूळ नाव लिहून घेतले होते. आपल्याकडची व्यापारी नावे तिकडच्या औषध दुकानदाराला ठाऊक असण्याचे कारण नाही.

मुंबईहून विमान अदिस अबाबाला उतरते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३५० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहून आणखी हजार मीटर वर. हातातली पिशवी घेऊन एक जिना चढले आणि कठड्याला धरून उभी राहिले. छाती धपापत होती. मनात नको ते विचार येऊन गेले. हवा विरळ असली की प्रथम असे होतेच. दोन दिवस सावकाश चालावे, पाणी भरपूर प्यावे, रात्री पोटभर जेवू नये; इतके पाळले की बहुतेकांना सवय होते. स्वस्थ बसलेले असतानाही धाप लागू लागली किंवा छातीत दुखू लागले, तर मात्र ‘हवेचा परिणाम’ म्हणून गप्प बसू नये. बाहिर दार सुमारे १,८०० मीटरवर, ताना सरोवराच्या काठी. तिथे श्वास सुधारला, पण डास भेटले. हिवताप असल्यामुळे मच्छरदाणी हवीच. आणि सरोवर कितीही मोहक दिसले तरी त्यात पाय बुडवायचे नाहीत, कारण पाण्यातून त्वचेवाटे शिरणारे कृमी तेथे आहेत. पहिल्या संध्याकाळी यजमानांनी पायजमा वर खोचलेला पाहून शेजारचे प्राध्यापक धावत आले होते!

जेवणाचे भय निघाले फोल. तेफ नावाच्या बारीक धान्याचे पीठ दोन-तीन दिवस आंबवून केलेला इंजेरा म्हणजे आपल्या आंबोळीचा थोरला, अधिक आंबट भाऊ. त्यावर वाढलेले ‘शिरो’ पाहून तर मला माहेर आठवले. हरभऱ्यासारख्या कडधान्यांच्या पिठाचे, तिखट मसाल्याचे ते चक्क पिठलेच. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपवास करतात आणि त्या दिवशी मांस, दूध, तूप काहीच खात नाहीत. शाकाहारी माणसाने उपवासाचे ताट मागावे, मसूर, भाज्या, शिरो सारे मिळते. इंजेरा परातीएवढा असतो, म्हणून मधुमेह्याने अर्ध्यावर थांबावे, एवढीच सूचना. कॉफीचे मात्र तीन फेरे होतात आणि तिसरा सोडणे अशिष्ट समजतात. रक्तदाबवाल्यांनी कप लहान मागून घ्यावा.

आता घड्याळाची गोष्ट. तेथील पंचांगात तेरा महिने. बारा तीस-तीस दिवसांचे, तेरावा पाच किंवा सहा दिवसांचा. वर्षही आपल्याहून सात-आठ वर्षे मागे. पारपत्रावर २०१२ आणि विद्यापीठाच्या पत्रावर २००५ पाहून यजमान म्हणाले, “चला, पुन्हा नोकरीच्या वयात आलो!” हसण्यावारी नेलेली ही गोष्ट आठव्या दिवशी अंगाशी आली. दिवसाची मोजणीही तेथे सूर्योदयापासून होते. आपल्या सकाळच्या सहाला त्यांचे बारा, आपल्या सातला त्यांचा एक. हे आम्हांला कुणी सांगितले नाही. कुणाला सांगावेसे वाटणार तरी कसे? आपण तरी पाहुण्याला ‘आमच्याकडे दुपारी बारा वाजतात’ असे कुठे सांगतो?

नोकरीच्या नोंदीसाठी वैद्यकीय तपासणी होती. निरोप मिळाला, ‘उद्या दोन वाजता, उपाशीपोटी.’ दुपारी दोनपर्यंत उपाशी राहायचे हे विचित्र वाटले, पण परक्या देशाची रीत म्हणून आम्ही मान तुकवली. खरे म्हणजे दोन म्हणजे त्यांचे दोन, आपले सकाळचे आठ. यजमानांनी न्याहारी टाळली. आणि सवयीने सकाळची गोळी मात्र घेतली. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी होती. पोटात अन्न नसताना अशी गोळी घेतली की रक्तातील साखर धोकादायक इतकी उतरू शकते.

साडेबाराला आम्ही पायी निघालो. वाटेत ते गप्प झाले. मग हात थरथरू लागले, मानेवर घाम डबडबला. मी काही विचारले तर भलतेच उत्तर आले. “घंटा झाली का?” असे त्यांनी दोनदा विचारले. मी घाबरले, पण ओळखले. रस्त्याकडेला छत्रीखाली चहाकॉफी विकणाऱ्या बाई होत्या. मला अम्हारिकचा गंध नव्हता. मी ओरडले, “साखर, साखर!” आणि त्या बाईंना कळले. त्यांच्या भाषेत साखरेला ‘स्क्वार’ म्हणतात. मधुमेहाला तर सरळ ‘साखरेचा आजार’. त्यांनी कोमट चहात तीन चमचे साखर ढवळून पेला माझ्या हाती दिला. पंधरा मिनिटांनी आणखी अर्धा. नंतर जाड पाव. यजमानांच्या चेहऱ्यावर रंग परतला तेव्हा त्या बाईंनी पैसे घ्यायचे नाकारले.

आपल्या घरी अशी गोळी किंवा इन्सुलिन घेणारे कुणी असेल तर हे लक्षात असू द्या: घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसताच आधी साखर द्यावी, मग चौकशी करावी. पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी. पण शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नये. तडक रुग्णालय गाठावे. आणि उपाशीपोटी तपासणीला जायचे असेल तर सकाळच्या गोळीचे काय करायचे, ते आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशीच विचारून ठेवावे. आम्ही त्या रात्री गोळ्यांच्या डबीवरचे आकडे खोडून ‘न्याहारीबरोबर’ आणि ‘निजताना’ असे लिहिले. आकड्यांवरचा आमचा विश्वास उडाला होता.

रविवारी साताऱ्याला फोन. तेव्हा त्या देशात दूरध्वनीची सेवा एकाच सरकारी कंपनीकडे होती आणि ओळ लागणे हे भाग्य. यजमानांनी मला आधीच बजावले होते, ‘आईला काही बोलायचे नाही.’ मी ऐकले नाही. लपवालपवीने काळजी कमी होते असे मला वाटत नाही. मागे राहिलेल्या माणसाला आवाजातला फरक कळतो आणि मग तो नाही नाही ते कल्पू लागतो. मी सासूबाईंना घडलेले सगळे सांगितले, आता बरे आहेत हेही सांगितले, आणि मग यजमानांच्या हाती फोन दिला.

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग आई म्हणाल्या, “बाळ, मीही एक सांगायचे ठेवले होते. तुम्ही गेलात त्याच्या तिसऱ्या दिवशी मी न्हाणीघरात घसरले. हाड मोडले नाही, पण मांडी अजून काळीनिळी आहे. तुझ्या वहिनीलाही मीच गप्प बसवले होते.”

जाऊबाई मागून रडवेल्या आवाजात म्हणत होत्या, “भाऊजी, त्यांनी शपथ घातली होती हो.” त्या एकट्या सगळे वाहत होत्या आणि वर आम्हांला कळू न देण्याचे ओझेही त्यांच्याच माथी होते. मागे राहून सेवा करणाऱ्या माणसावर अशी शपथ घालू नये, असे मी त्या दिवशी फोनवर सासूबाईंना बोलून दाखवले. त्यांना राग आला, पण त्यांनी शपथ मोडली.

यजमानांनी न्हाणीघरात धरायला दांडा बसवण्याचे, फरशीवर रबरी चटई टाकण्याचे आणि मांडी एकदा डॉक्टरांना दाखवून आणण्याचे जाऊबाईंकडून कबूल करून घेतले. ठरले असे की जे काही होईल ते त्याच दिवशी एकमेकांना कळवायचे, फोन नाही लागला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा लावायचा. ओळ तुटण्याआधी आईंनी विचारले, “तिथे आता किती वाजले रे?”

यजमानांनी भिंतीकडे पाहिले. तिथे आता दोन घड्याळे होती. “कुठल्या घड्याळाने सांगू, आई?”

“जेवलास का, ते सांग,” त्या म्हणाल्या.