वार्धक्याची व्यवस्था – लेखांक 5 : लहान वृद्धनिवासाची पारख

मागील लेखांकात घरातच राहून वृद्धाची शुश्रूषा कोठवर करता येते याचा विचार आपण केला. परंतु ज्या घरातील मुले नोकरीनिमित्त पुण्यास वा हैदराबादेस स्थायिक झाली आहेत, मागे राहिलेली विधवा आत्या किंवा अविवाहित काका धानाची शेती मक्त्याने देऊन पवनी-लाखांदूरकडील एखाद्या मोठ्या जुन्या घरात एकट्याने दिवस कंठीत आहेत, आणि रात्री न्हाणीघरात पाय घसरला तर सकाळी दूधवाला येईपर्यंत कोणाला वार्ताही लागणार नाही अशी ज्यांची स्थिती आहे, त्या घरापुढे ती मर्यादा एक दिवस येऊन उभी राहतेच. मग आप्तांची बैठक बसते, कोणीतरी एखाद्या वृद्धाश्रमाचे नाव सुचवितो, आणि जो निर्णय महिनाभर विचार करून घ्यावयाचा तो एका रविवारात उरकला जातो. तो कसा घ्यावा हा आजच्या लेखांकाचा विषय.

वृद्धांसाठी संस्था ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. पुण्यात डेव्हिड ससून यांच्या औदार्यातून एकोणिसाव्या शतकात निघालेले आणि आज ‘निवारा’ या नावाने चालणारे अनाथ पंगू गृह, नागपुरात कमलाताई होस्पेट यांनी 1921 साली उभारलेल्या मातृसेवा संघाचा पंचवटी वृद्धाश्रम, वरोऱ्याच्या आनंदवनातील ‘उत्तरायण’ ही त्यातील ठळक नावे. राज्य शासन 1963 पासून स्वयंसेवी संस्थांना वृद्धाश्रमासाठी अनुदान देत आले. 1995 मध्ये प्रत्येकी 100 वृद्धांसाठी ‘मातोश्री’ वृद्धाश्रमांची योजना आली. आणि 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाविषयीच्या अधिनियमाच्या कलम 19 ने प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधारांची सोय होईल असा एक तरी वृद्धाश्रम असावा, अशी तजवीज सांगितली. या साऱ्यांची दृष्टी मुख्यतः निराधारांकडे आहे. ज्याला थोडे निवृत्तिवेतन आहे, थोडी शेती आहे, पुतणे-भाचे आहेत, पण पहाटे हात धरून उठविणारे कोणी नाही, अशा मध्यमस्थितीतील माणसाला दहा-वीस खाटांच्या लहान निवासाकडेच वळावे लागते. आणि अशी निवासे इतकी भिन्नभिन्न असतात की पाटीवरील नावावरून आतील वागणुकीचा अंदाज बांधणे व्यर्थ होय.

मला या विषयात सांगावयाचे मुख्य एकच आहे. निवास पाहावयास जाणारा मनुष्य बहुधा आपल्या आप्ताची आजची अवस्था मनात धरून जातो: आत्या अजून चालते, स्वतः जेवते, पोथी वाचते, म्हणून तो बाग पाहतो, देवघर पाहतो, दूरचित्रवाणी पाहतो आणि समाधान पावतो. वस्तुतः त्याने त्या निवासातील सर्वांत असहाय व्यक्ती शोधावी, जी अंथरुणाला खिळली आहे, जिला स्वतःचे नाव आठवत नाही, जिला भेटावयास कोणी येत नाही, आणि तिची व्यवस्था कशी आहे ते पाहावे. दोन-चार वर्षांनी आपली आत्या त्याच खाटेवर असण्याचा संभव आहे. आणखी असे की, जिच्या वतीने तक्रार करणारा कोणी नाही तिला जी वागणूक मिळते, तीच त्या संस्थेची खरी वृत्ती.

ही पाहणी कशी करावी? प्रथम भेट ठरवून द्यावी, परंतु दुसरी न कळविता, सायंकाळच्या जेवणाच्या सुमारास द्यावी. आपल्या भंडारा जिल्ह्यात रात्रीचे जेवण म्हणजे भात, वरण आणि एखादी भाजी. दात नसलेल्या माणसासाठी तो भात मऊ शिजविलेला आहे की सर्वांसाठी एकच मोकळा भात वाढला आहे, हे ताटात डोकावताच कळते. अंथरुणावरील वृद्धेला घास भरविणारी बाई तिला उशांचा आधार देऊन नीट बसविते की निजलेल्या अवस्थेतच चमच्याने तोंडात सोडते, इकडे विशेष लक्ष द्यावे. कारण निजून भरविलेले अन्न श्वासमार्गात उतरते आणि त्यातून होणारा फुप्फुसाचा दाह कित्येक वृद्धांच्या मृत्यूस कारण होतो. भरविणारी बाई घाईत आहे काय, पहिला घास गिळला गेला हे पाहून दुसरा देते काय, आणि “घ्या जी आजी, एवढा घास घ्या” असे काही बोलते काय, की मुकाट्याने काम उरकते? स्मृती गेलेल्या माणसाजवळ शेवटपर्यंत उरते ती बालपणीची बोली. “मले घरी जाचं हाय” असे दिवसातून वीस वेळा म्हणणाऱ्या आजीला आपल्या झाडीपट्टीच्या सुरात उत्तर देणारे कोणीतरी तेथे असणे ही औषधाइतकीच गरजेची गोष्ट आहे, आणि माझ्या मते दूरच्या आलिशान निवासापेक्षा जवळचे साधे निवास पसंत करण्यास हे एक कारणही पुरेसे आहे.

जेवण आटोपल्यावर, त्या वृद्धेची व व्यवस्थापकांची अनुमती घेऊन, तिच्या टाचा पाहाव्यात. जो स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला साधारणतः दर दोन तासांनी वळवावे लागते. तसे न झाल्यास माकडहाड, नितंब आणि टाचा येथील कातडी प्रथम लाल होते, मग काळवंडते, मग तेथे क्षत पडते. लाल टाच दिसली आणि विचारताच परिचारिकेने “सकाळपासून लक्ष ठेवून आहोत, खाली उशी दिली आहे” असे सांगितले तर ते निवास वाईट नव्हे. पण टाच लाल आहे हेच कोणाला ठाऊक नसेल तर तेथून निघावे. आपल्या भागात आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे हत्तीरोगाचे जुने जिल्हे. सुजलेल्या पायाचे वृद्ध येथे घरोघरी आढळतात. असा पाय रोज साबणाने धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, निजताना उंचावर ठेवावा लागतो. नाही तर जखम चिघळून ताप येतो. ज्या निवासात असा रहिवासी असेल तेथे त्याच्या बोटांच्या बेचक्या कोरड्या आहेत की ओल्या, एवढे पाहिले तरी माहितीपत्रकातील दहा पानांहून अधिक माहिती मिळते.

यानंतर रात्रीचा विचार. दिवसा सहा माणसे कामावर दिसतात. रात्री दहा वाजता किती असतात, ती जागी असतात की निजतात, आणि कोणाला छातीत कळ आली तर कोणत्या वाहनाने, कोणत्या रुग्णालयात, कोणाच्या सोबतीने नेले जाते, हे थेट रात्रपाळीच्या माणसाला विचारावे. रात्री लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप लावीत असतील, आणि भ्रमिष्ट वृद्ध बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून ते लावणे समजण्यासारखेही आहे, तर किल्ली कोठे असते? 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशुकक्षात आग लागून 10 बालके दगावली. तो आघात या जिल्ह्याने सोसलेला आहे, आणि स्वतःच्या पायांनी बाहेर पडू न शकणाऱ्यांना जेथे ठेवले जाते तेथे आगीविषयी विचारणे म्हणजे संशयखोरपणा नव्हे, हे येथील माणसाला निराळे सांगावयास नको. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमान्वये, ज्या इमारतींना तो लागू आहे त्यांनी, अग्निशमन साधने सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै या दोन महिन्यांत सादर करावयाचे असते. ते पाहावयास मागावे. आणि ते नसेल तर निदान अग्निशामक नळकांड्यावरील मुदतीची तारीख वाचावी.

पाण्याचेही तसेच. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या महापुरात भंडारा शहरातील वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. नदीकाठची जागा हवेशीर व रमणीय खरी, परंतु त्या वर्षी पाणी कोठवर आले होते ते शेजारच्या दुकानदाराला विचारून घ्यावे. पंधरा अपंग माणसे मध्यरात्री नावेत चढविण्याची कल्पनाच पुरेशी आहे. आणि मे महिन्यातील वैदर्भीय उन्हाळा! म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे पाणी मागितल्यावर देणे पुरत नाही, ठराविक वेळांनी पाजावे लागते. कुलर आहे काय एवढेच न पाहता, वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालते आणि पत्र्याच्या छताखाली कोणाच्या खाटा आहेत, हे पाहावे.

इमारतीविषयी फार लिहीत नाही. न्हाणीघरात भिंतीला धरावयास मजबूत दांडी असावी, फरशी ओली असतानाही पाय धरणारी असावी, उंबरे नसावेत. ज्येष्ठांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गृहप्रकल्पांना महारेरा या राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने 2024 मध्ये दारे किमान 900 मिलिमीटर रुंद असण्याचा दंडक घातला. तो लहान वृद्धाश्रमांना लागू नसला तरी मोजपट्टी म्हणून उपयोगी आहे, कारण व्हीलचेअर दारात अडकली की माणूस खोलीतच अडकतो.

अंतराचा प्रश्न मात्र मोठा आहे. भंडाऱ्याहून नागपूर सुमारे 60 किलोमीटर. तेथे निवासे अधिक, वैद्य अधिक, म्हणून ओढा तिकडेच असतो. परंतु लाखांदूरच्या पुतण्याला नागपूर गाठून परतण्यात एक दिवस मोडतो, आणि दिवस मोडणारी भेट प्रथम महिन्यातून एकदा, मग दिवाळीला, अशी विरळ होत जाते. ज्या रहिवाशाकडे दर आठवड्यास कोणीतरी येते त्याच्याकडे सेवकवर्गाचेही लक्ष अधिक राहते, हा मनुष्यस्वभाव आहे. हृदयविकार किंवा डायलिसिस यांसारखी नित्य तज्ज्ञाची गरज असेल तर नागपूरला पर्याय नाही. तशी गरज नसेल तर आपल्या एसटीच्या रस्त्यावरचे ठिकाण निवडावे.

आता दस्तऐवज. संस्था न्यास असेल तर धर्मादाय कार्यालयातील नोंदणी क्रमांक आणि मागील वर्षाचा तपासलेला जमाखर्च पाहावयास मागावा. नोंदणीने सेवेची हमी मिळत नाही, पण दाद कोणाकडे मागावी हे ठरते. करारनामा घरी आणून वाचावा. दरमहा शुल्कात काय येते आणि काय वेगळे लागते (औषधे, लंगोट, रुग्णालयात सोबत करणाऱ्याचा रोज), अनामत रक्कम कोणत्या मुदतीत परत मिळते, आणि रहिवासी अंथरुणाला खिळल्यास संस्था त्याला ठेवून घेते की घेऊन जाण्यास सांगते, हे लेखी असावे. या शेवटच्या कलमावर अनेक करार मौन बाळगतात, आणि नेमक्या संकटाच्या वेळी आप्तांना निरोप येतो. वृद्धाचे बँकेचे पासबुक, मग त्यात शिक्षकाचे निवृत्तिवेतन जमा होत असो की श्रावणबाळ योजनेचे दरमहा 1500 रुपये, संस्थेच्या कपाटात जाऊ देऊ नये. मुखत्यारपत्रावर विसंबणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की 1872 च्या करार अधिनियमाच्या कलम 201 प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रष्ट झाली की त्याचा अंमल संपतो; म्हणजे ज्या दिवसासाठी ते करून घेतले त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते.

आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, त्याची संमती? “दवाखान्यात दाखवून येऊ” असे सांगून गाडीत बसवायचे आणि निवासाच्या दारात उतरवायचे, हा प्रकार मी ऐकला आहे आणि तो मला अत्यंत निंद्य वाटतो; करणारे बहुधा प्रेमळच असतात, पण त्या एका असत्याने वृद्धाचा आपल्या माणसांवरील विश्वास जो तुटतो तो पुन्हा जुळत नाही. निवडलेल्या दोन ठिकाणी आत्यालाच बरोबर न्यावे, तेथे एक वेळ जेवू द्यावे, आणि तिला पसंत पडेल ते घ्यावे, मग आपल्याला दुसरे अधिक आवडले असले तरी चालेल. बुद्धी क्षीण झालेली असली तरी खिडकीजवळची खाट हवी की दाराजवळची, एवढे ती निश्चित सांगू शकते. घराला लगेच कुलूप घालून भांडीकुंडी वाटून टाकू नयेत. निदान पहिला महिना परतीचा मार्ग मोकळा ठेवावा आणि तसे तिला स्पष्ट सांगावे.

त्या महिन्यात काय पाहावे? प्रवेशाच्या दिवशीचे वजन लिहून ठेवावे आणि महिनाअखेर पुन्हा करावे. उणे झाले असेल तर जेवणाची चौकशी करावी. औषधांची नोंदवही चाळावी, आणि पूर्वी नसलेली झोपेची गोळी त्यात दिसली तर ती कोणत्या वैद्याने, कोणत्या कारणास्तव दिली हे विचारावे. नखे, कानामागची कातडी आणि चष्म्याच्या काचा पाहाव्यात. गैरवागणुकीची शंका आल्यास ज्येष्ठांसाठीची 14567 ही राष्ट्रीय मदतवाहिनी आहे. आप्तच खर्च टाळीत असतील, आणि निपुत्रिक वृद्धाच्या बाबतीत त्याच्या मालमत्तेवर ज्यांचा ताबा आहे किंवा जी पुढे ज्यांच्याकडे जाणार आहे अशा वारसांवरही कायद्याने निर्वाहाचे दायित्व ठेवले आहे, तर भंडारा, तुमसर व साकोली येथील उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे दरखास्त करता येते. त्याच मालमत्तेचे बक्षीसपत्र वृद्धाने आधीच करून दिलेले असेल तर काय, आणि 2007 च्या अधिनियमाचे कलम 23 त्याला कितपत तारते, हे पुढील लेखांकात पाहू.