निशिगंधाचे नवे कंद

निशिगंध मूळचा मेक्सिकोचा. परंतु आपल्या वेण्यांत आणि पूजेच्या तबकांत तो असा रुळला आहे कीं, त्यास परका म्हणवत नाहीं. तथापि अकोल्यास जठारपेठेंत काय किंवा अमरावतीस काय, अंगणांत नवे लावलेले कंद कित्येकदां उगवण्यापूर्वींच कुजतात. दोष कंदाचा नसतो. काळ्या जमिनीचा आणि आपल्या अति मायेचा असतो.

ही जमीन भिजली कीं फुगते, पाणी धरून ठेवते आणि हवेच्या वाटा बुजवते. मुळें न फुटलेल्या कंदास तें पाणी शोषतां येत नाहीं. म्हणून वाफा वीतभर उंच करावा. मातींत वाळू व कुजलेलें शेणखत मिसळावें. मे महिन्याच्या अखेरीस २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे टणक कंद ५ ते ७ सेंटिमीटर खोल, वीतभर अंतरावर लावावे. एकदां पाणी देऊन वर वाळलेलें गवत पसरावें; कोंब दिसेपर्यंत माती केवळ ओलसर ठेवावी.

साधारण तीन महिन्यांनीं दांडा येतो. फुलें काढल्यावर पानें मात्र कापूं नयेत. एक कंद एकदांच फुलतो. पुढचीं फुलें त्याच्या भोंवतालचीं पिलें देतात, आणि त्यांचें पोषण हीं पानेंच करतात. तीन वर्षांनीं बेट खणून कंद वेगळे करावे, महिनाभर सावलींत विसांवा द्यावा, आणि चार शेजारणीच्या ओटींतहि घालावे.